ओंजळीतला पाला

खालापूरकडच्या एका धरणात टेकाड बुडता बुडता बेट होऊन उरलंय. गुडघा बदलल्यावर पाच महिन्यांनी मी त्या बेटाची दिवसभराची फेरी मारायला होडीतून उतरलो. वाट दाखवायला तिथलीच साठीची एक बाई होती, अनवाणी, कमरेला कोयता. काठावरचा चिखल संपून जंगल लागलं तरी तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला रागच आला. मी मुद्दाम काठी दगडांवर आपटत चाललो.

शेवटच्या चढणीच्या पायथ्याशी ती थांबली. ऐनाच्या झाडाची पानं तोडून माझ्यापुढे धरली.

"वरच्या देवाला पाला वाहायचा. ओंजळीतनं न्या, एका हातानं चालत नाय."

देवाच्या कामात वाद कशाला? काठी ऐनाला टेकवून मी ओंजळ पुढे केली आणि पानं सांडू नयेत एवढंच बघत चढलो.

शेंदूर फासलेल्या दगडावर पाला वाहिला. सवयीनं काठी चाचपायला गेलो आणि एकदम उमगलं.

"मावशी, बिनकाठीचा चढलो की मी!" मी अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असा ओरडलो.

ती पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली.

"मंग! देवाला एका हाताचं बी चालतं."