खालचा शब्द

त्या गेमची बाजू घेऊन मी जितकी भांडणं केली, तितकी स्वतःसाठी कधी केली नाहीत. आता हे सांगायची लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

पूर्णा स्टेशनसमोर माझ्या एका दोस्तानं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. दोन टीव्ही, चार रिमोट, आणि बाकांवर आमच्यासारखे बी.ए. होऊन रिकामे बसलेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीचा तो हिवाळा. बाहेर कधी मोर्चा, कधी बंद, पोलिसांची गाडी चौकात ठाण मांडून. आत आम्ही रणगाडे उडवत बसायचो. नव्या कॅसेटी दोस्त सिकंदराबादहून आणायचा. एकदा वरचं तलवारीचं चित्र बघून त्यानं एक उचलली आणि चांगलाच फसला. सगळी लिपी जपानी. उड्या नाहीत, गोळ्या नाहीत. एक माणूस गावातून सावकाश चालतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. राक्षस समोर आला तरी तोही उभा राहतो, तुमचं काय ते ठरेपर्यंत.

एवढं लोकांनी चालवून घेतलं असतं. खरा घोळ सुरुवातीलाच होता. राजा हिरोला बोलावून काहीतरी विचारतो आणि खाली दोन शब्द येतात, एकावर एक. वरचा म्हणजे होय, खालचा म्हणजे नाही, हे आम्ही दाबून दाबून शोधलं. वरचा घेतला की तलवार मिळते आणि हिरो लढाईला निघतो. खालचा घेतला की राजा मान हलवतो आणि हिरो घरी जातो. बस. गेम संपत नाही. हिरो शेत करतो, विहिरीवर जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलतो. राजा पुन्हा विचारायला येत नाही.

"आरं, हा काय गेम हाय का?" दोस्त कपाळावर हात मारून घ्यायचा. "हिरो न्हाई म्हणतोय आन् गेम ऐकून घ्यायलाय! लोकांनी हितं नांगर धरायला यायचं का?"

दुकानात दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीत सगळे आणि दुसऱ्या पार्टीत मी. मी पहिल्यापासून तोंडाचा फटकळ. म्हणायचो, "तुमच्या गेममदला हिरो नंदीबैल हाय, गुबुगुबु मान हलवतो आन् मरायला जातो. ह्याला निदान कुणी इचारतंय तरी. आन् इचारून ऐकतंय." त्यावर हसू व्हायचं. कुणी म्हणायचं, ह्यात मरायलाबी टाइम लागतो. मी चिडून उठायचो, चहा पिऊन परत येऊन भांडायचो. शेवटी दोस्त बेजार झाला. एक जुना सेट आणि ती कॅसेट पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "घिऊन जा ही पनवती घरी."

घरी बाबा होते.

बाबा रेल्वेत केबिनमन. उभी हयात केबिनमधले सिग्नलचे खटके ओढण्यात गेली. त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. एकच शब्द तोंडात राहिला: हाय. चहा घेता का? हाय. चहा नको का? हाय. बघायला येणारे विचारायचे, "वळखलं का मला?" बाबा म्हणायचे, "हाय." पाव्हणा खूश होऊन जायचा. अंगणात जाऊन दुसऱ्याला सांगायचा, "पोपटावानी एकच बोलतंय बिचारं, समजत काईच न्हाई."

पण ड्युटीची वेळ झाली की बाबा डाव्या हातानं खुंटीकडं दाखवायचे. तिथं त्यांचा निळा शर्ट. माय तो त्यांच्या अंगात घालायची आणि ते खाटेवर ताठ बसून राहायचे, पाळी सुटेपर्यंत. त्यांना केबिनमध्ये परत जायचं होतं. हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे न कळल्यासारखं करत होते.

कारण नोकरीचं घोडं तिथंच अडलं होतं. आजारपणाची रजा संपत आली होती. बाबांनी स्वतः सांगितलं की आता माझ्याच्यानं होत नाही, माझ्या पोराला घ्या, तर ती जागा मला मिळणार होती. नाहीतर क्वार्टर खाली करून बोरीला, काकाच्या दारात. काका दर आठ दिवसाला बोरीहून यायचा आणि मला बाजूला घेऊन सांगायचा, "त्याची तर गेल्यातच जमा हाय. तुजी तरी लागू दे. तुला दुसरं कोण इचारायलंय?" खरंच कुणी विचारत नव्हतं. अर्ज करून करून माझी बोटं झिजली होती. बाबा परत खटके ओढणार नाहीत हे मलाही दिसत होतं. पण जागा त्यांची होती, आणि सोडायची तर त्यांनी सोडायला पाहिजे होती. एवढंच होतं सगळं.

तर मी तो गेम खेळायचो आणि बाबा बघायचे. एक दिवस त्यांनी डावा हात पुढं केला. रिमोटच्या डाव्या अंगाला बाण हलवायचं बटण आणि उजव्या अंगाला कबूल करायचं. मी त्यांच्या उजव्या बाजूला खेटून बसलो. एक रिमोट दोघांच्या मधे. डावा अंगठा त्यांचा, उजवा माझा. राजानं विचारलं. बाबांनी बाण खाली नेला.

"बाबा, वर घ्या, वर. तलवार मिळती." ते हलले नाहीत. मी बटण दाबलं, हिरो घरी गेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खालीच.

मला जपानी कुठलं येतंय? मग मीच सगळ्यांची बोलणी रचायला लागलो. विहिरीवरची बाई पाथरीच्या मावशीसारखी, नाकात बोलणारी: "पाव्हणं, जेवून जाता का?" बाबा वर. टोपीवाला बेपारी: "बैल इकता का?" खाली. मुद्दाम वाकडं विचारलं, "ह्यो म्हणतोय पूर्णेचं स्टेशन समुद्रात हाय. हाय का?" बाण सटकन खाली, आणि अर्ध्या तोंडानं बाबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा.  माणूस सगळा जागेवर होता. त्याच्यापाशी फक्त 'नाही' उरलं नव्हतं, आणि ते त्याला ह्या पनवतीत सापडलं होतं.

बऱ्याच वर्षांनी पुण्यात जपानी शिकणाऱ्या एका मुलीनं मला सांगितलं, की त्यांच्या भाषेत होयला 'हाय'च म्हणतात. म्हणजे तो वरचा शब्द 'हाय' होता. ती हसली. मीही हसलो, आणि मग पाणी प्यायला म्हणून उठून गेलो.

तेव्हा मात्र मी गावभर बोंबलत सुटलो. मायला बोलावून दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि "माज्या राज्या" म्हणून भिंतीला टेकून खालीच बसली. दुकानात जाऊन सांगितलं. दोस्त म्हणाला, "गेममदी कुणीबी काईबी दाबतंय रे." काकाला सांगितलं तर तो भडकला. "खेळण्यावरून माणसाचं डोस्कं ठरवतो का? उगं तमाशा लावू नको." मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. "हा गेम न्हाई म्हणू देतो, म्हणून तुमच्या डोळ्यात सलायलाय," असं मी काकाच्या तोंडावर बोललो. लय बोललो. वाघासारखा बोललो.

मग कळलं, की पुढच्या आठवड्यात रेल्वेचे साहेब घरी येणार आहेत, बाबांचं म्हणणं लिहून घ्यायला.

त्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. गेममध्ये नदीकाठी एक म्हातारा नावाडी आहे. त्याच्यापाशी गेलो, दोन शब्द आले. मी टीव्हीकडंच बघत म्हणालो, "म्हातारा म्हणायलाय, लय वर्सं केलं तुमी. आता घरी बसा, काम पोराला द्या. देता का?"

बाण खाली गेला.

बाबा टीव्हीकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. माझा अंगठा बटणावर होता. मी दाबलं नाही. बाण खालच्या शब्दापाशी लुकलुकत राहिला. त्या गेमला कसलीच घाई नसते, हेच मी दुकानात ओरडून ओरडून सांगत आलो होतो.  मग मी म्हणालो, "लाइट जाईल आता, बंद करतो." आणि सेट बंद केला. लाइट रात्रीपर्यंत गेली नाही.

नामांतर झालं तोच महिना. गाड्यांचा काही नेम नव्हता, तरी साहेब आले. भला माणूस होता. बूट दारात काढले, स्टूल ओढून बाबांच्या अगदी जवळ बसले. काका आदल्या दिवशीच येऊन बसलेला. माय दाराआड. साहेबांनी सावकाश, मोठ्यानं विचारलं, "तुमची जागा मुलाला द्यावी, अशी तुमची इच्छा आहे का?"

"हाय," बाबा म्हणाले.

तोंड लालबुंद झालं होतं. गोधडीवर त्यांचा डावा अंगठा खाली दाबत होता. खाली. खाली. पुन्हा खाली. साहेबांना वाटलं असेल हात थरथरतोय. काकानंही तेच बघितलं असेल. त्या खोलीत ती लिपी वाचता येणारा एकटा मी होतो.

"कुणाची जबरदस्ती तर नाही ना?"

"हाय."

साहेबांचं पेन थांबलं. काका खोटं खोटं हसला. "एवढाच शब्द हाय साहेब त्याच्यापाशी. हो म्हणायलाय तो." साहेबांनी काकाकडं बघितलं नाही. ते माझ्याकडं वळले. "तुम्ही मुलगा ना? यांना समजतं का हो मी काय विचारतोय ते?"

मी तेवढं एक वाक्य बोललो असतो तर? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता त्याची धारच गेली. जागा गेली असती. क्वार्टर गेलं असतं. बाबांना तरी केबिन कुठं परत मिळणार होती? हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात अगदी मुद्देसूद मांडलेलं होतं. हरामखोर डोकं.

"समजतं साहेब," मी म्हणालो. "सगळं समजतं त्यांना. हो म्हणायलेत."

बाबांचा उजवा हात निकामी, म्हणून सहीच्या जागी डावा अंगठा लागणार होता. शाईची डबी काकानं धरली. गोधडीवरचा तो अंगठा मी माझ्या हातानं उचलला, शाईत टेकवला, कागदावर दाबला. बाबांनी ओढून घेतला नाही. ठसा एकदम स्वच्छ उमटला, साहेबसुद्धा छान आला म्हणाले. माय शाई पुसायला ओलं फडकं घेऊन आली, तोवर बाबांनी मान भिंतीकडं फिरवली होती.

जागा मला मिळाली. केबिन नाही, खलाशाची, म्हणजे रुळांवरच्या हरकाम्याची. काकानं पेढे वाटले. दोस्तानं दुकानात सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाला, "बघ, सुटला का न्हाई त्या पनवतीतून?" त्या दिवशी मी गेमची बाजू घेतली नाही. पुन्हा कधीच घेतली नाही.

बाबांनी खुंटीकडं हात दाखवणं बंद केलं. पहिल्या पगारी सुट्टीच्या दिवशी मी हौसेनं सेट लावला, त्यांच्या उजवीकडं खेटून बसलो, रिमोट मधे धरला. राजानं विचारलं. सुरुवातीला बाण वरच्या शब्दावरच असतो. बाबांचा अंगठा बटणावर होता, पण हलला नाही. मी वाट बघितली. मग मीच कबूल केलं. हिरोला तलवार मिळाली, मीच त्याला वेशीबाहेर नेलं आणि तो पहिल्याच राक्षसापुढं मेला, कारण बाबांनी बाण हलवलाच नाही आणि मी नुसतं कबूल करत गेलो. विहिरीवरच्या बाईपाशी नेलं. नाकात बोललो. हसले नाहीत. बेपाऱ्यानं बैल मागितला, तरी बाण वर. पूर्णेचं स्टेशन समुद्रात हाय का विचारलं, तरी वर.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. मी अधूनमधून सेट लावायचो. त्यांनी एकदाही बाण खाली नेला नाही.

एका रविवारी मला राहवलं नाही. टीव्हीवर नावाडी होता, दोन शब्द होते. मी म्हणालो, "बाबा, हे म्हातारं न्हाई, मी इचारायलोय. माज्यावर राग हाय का?"

"हाय," बाबा म्हणाले.

मी घाईघाईनं उलटं विचारलं, "माफ केलं का मग मला?"

"हाय," ते म्हणाले, आणि डावा अंगठा मुठीत मिटून घेतला.