वाचल्याशिवाय मर्ज नाही

शिंप्याच्या थोरल्या मुलीबद्दल शेजारीपाजारी एकाच अर्थाचे बोलत. माणसागणिक चाल तेवढी बदले. तळमजल्यावरच्या काकू म्हणत, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय." समोरचे निवृत्त कारकून जरा सभ्य होते. ते म्हणत, "पोरगी हुशार आहे हो, पण हुशारीला भाव लावायचा असतो, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही." आणि या दोघांना दारूगोळा पुरवी ती घरातलीच सख्खी आत्या. जिन्यात उभी राहून ती सांगे, "दिवसभर टकटक टकटक करते आणि केलेलं सगळं लोकांना फुकट वाटते. बरं, फुकट घेऊन लोक गप्प बसतील? तर हिलाच फोन करून बोलतात."

आत्याच्या बोलण्यात तथ्य क्वचितच असे. पण हे शेवटचे वाक्य मात्र शंभर नंबरी खरे होते.

मुलगी विद्यापीठात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिथला ओपन सोर्स क्लब चालवत होती. ज्याचा कोड सर्वांसाठी उघडा असतो, जो कुणीही वाचावा, वापरावा, सुधारून परत द्यावा, ते ओपन सोर्स. हे तिने आत्याला अनेकदा समजावले होते आणि दर वेळी आत्याने "म्हणजे धर्मशाळा" असा समारोप केला होता. क्लबात तिला सगळे 'कात्री' म्हणत. बाप शिंपी म्हणून हे नाव पडले असावे, असे नव्या मुलांना वाटे. जुन्यांना खरे कारण ठाऊक होते: तिच्यापुढे आणलेल्या ओळींतल्या निम्म्या ओळी कापल्या जात.

ती क्लबात गेली ती काही तत्त्वासाठी नव्हे. मावसभावाने वापरून टाकलेला लॅपटॉप तिच्या वाट्याला आला होता, आणि तो सुरू होईपर्यंत आईचे धुणे वाळत घालून होई. तळमजल्याच्या टोकाच्या खोलीत एक 'आजोबा' बसतात, ते जुन्या यंत्रात जीव घालतात, असे तिला कुणीतरी सांगितले. आजोबा म्हणजे वर्षानुवर्षे पदवी रेंगाळत ठेवलेला एक दाढीवाला विद्यार्थी होता. त्याने लॅपटॉपमध्ये यंत्र चालवणारी एक हलकी, फुकटची प्रणाली बसवून दिली आणि मोबदला म्हणून क्लबच्या सूचनापत्रातला एक चुकलेला शब्द दुरुस्त करायला सांगितले. तिने लगेच केला. त्याने तो बदल घेतला नाही. शेजारची खुर्ची ओढून म्हणाला, "बस. वाच."

"काय वाचू? एकच तर शब्द आहे."

"तोच वाच. का बदललास ते सांग. मग खालची ओळ वाच, आणि तुझ्यामुळे तिचं काही बिघडलं नाही ना, तेही सांग."

क्लबची रीत ती हीच. ज्याने बदल आणला त्याने शेजारी बसून स्वतःची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची आणि तिचे प्रयोजन साध्या शब्दांत सांगायचे. जिथे जीभ अडखळे तिथे बदल परत जाई. सगळे नीट सांगता आले तरच तो मूळ कोडात मिसळला जाई. त्याला मुले 'मर्ज' म्हणत. एका शब्दासाठी एवढा खटाटोप करावा लागल्याने ती इतकी चिडली, की दुसऱ्या दिवशी खास भांडायला गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. असे भांडता भांडता ती क्लबची झाली. पुढे आजोबाला पदवी मिळाली, किंवा विद्यापीठच कंटाळले असावे. नोकरीवर जाताना तो मर्जचा अधिकार तिच्या स्वाधीन करून गेला, आणि त्यासोबत तक्रारींनी भरलेली एक टपालपेटीही.

त्या तक्रारी बहुतेक एकाच कामाच्या होत्या. शाळांचे वेळापत्रक लावणारे एक सॉफ्टवेअर क्लबने बनवले होते. वर्ग, शिक्षक आणि तास यांची माहिती भरली, की कुणी कधी कुठे शिकवायचे हे ते मांडून देई. मोठ्या शाळा असल्या गोष्टी विकत घेतात. हे वापरत त्या ओढाताणीच्या, लहान शाळा. त्यांतली एक जुन्या गोदामात भरे, आणि तिथल्या मुख्याध्यापिका म्हणजे कात्रीच्या डोक्याला कायमचा ताप होता. बाईंच्या तोंडून "छान झालंय" हे शब्द कधी निघाले नाहीत. "अगं, तुमच्या यंत्राने शनिवारची मधली सुट्टीच गिळली." "अगं, आमच्या चित्रकलेच्या बाईंचं आडनाव अर्धंच छापतंय." कात्री फोन ठेवून कपाळाला हात लावी आणि दुरुस्तीला बसे, कारण बाई सांगत ते नेमके असे. शिवाय आसपासच्या लहान शाळा बाईंचे पाहून चालत. बाईंनी हे सोडले असते, तर इतक्या वर्षांची मेहनत कुणाच्याच कामाची राहिली नसती.

क्लबचा उपाध्यक्ष हा तिचा दुसरा ताप होता. त्याला सगळे 'पोस्टर' म्हणत, कारण काम ठरण्याआधी त्याचे पोस्टर तयार असे. मनाने तो चांगला होता, आणि जिभेने त्याहून चांगला. त्याच्या कारकिर्दीत क्लबात माणसे वाढली नाहीत एवढी पदे वाढली. प्रसिद्धीप्रमुख झाला, उपप्रसिद्धीप्रमुख झाला, छायाचित्रप्रमुख झाला, आणि या सर्वांवर नजर ठेवायला 'प्रमुखांचा समन्वयक' झाला.

"यातलं कोड कोण लिहितं?" कात्रीने एकदा विचारले.

"ताई, तू आहेस ना."

"आणि मी मेले तर?"

"असं अभद्र बोलू नये. शोकसंदेश छायाचित्रप्रमुखाकडे देऊ, तो छान करतो."

त्याच वर्षी विद्यापीठाने सगळ्या क्लबांचे मूल्यमापन करायचे ठरवले. सदस्य किती आणि विद्यार्थ्यांचे योगदान किती, यावर गुण मिळणार होते, आणि ज्यांना ते कमी पडतील त्यांची खोली काढून घेतली जाणार होती. क्लबचे प्रभारी सर हवालदिल झाले. पोस्टर मात्र फुलला. त्याने 'एक दिवस, एक बदल' अशी मोहीम आखली. प्रत्येक नव्या मुलाने वेळापत्रकाच्या कोडात एक बदल आणावा, तो मर्ज झाला की हातात प्रमाणपत्र घ्यावे.

"येऊ देत," कात्री म्हणाली. "पण प्रत्येकाने बसून वाचून दाखवायचं."

"ताई, एवढ्यांचं ऐकत बसलो तर आपलेही आजोबा होतील."

"होऊ देत."

पण नेमका मोहिमेच्याच दिवशी आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा नंबर लागला. वडिलांच्या अंगावर गणवेशांचे काम आलेले होते, आणि दवाखान्याची पायरी पाहिली तरी आत्याला घेरी येई. जायचे ते कात्रीनेच. तिने एका दिवसापुरता मर्जचा अधिकार पोस्टरला दिला. "वाचून घे. जमतील तेवढेच घे. बाकीचे राहू देत, मी आल्यावर बघीन."

"ताई, निर्धास्त जा."

पोस्टरने पहिले काही बदल खरोखर वाचून घेतले. ते श्रेय त्याला द्यायला हवे. मग रांग दाराबाहेर गेली. मग सर डोकावले आणि ती रांग पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग कुणीतरी मागून ओरडले, की पुढचा तास सुरू होतोय. तेव्हा पोस्टरने उरलेले सगळे बदल एकत्र निवडले आणि एका दमात मर्ज केले. संध्याकाळी भिंतीवर त्याचे पोस्टर झळकले: 'एका दिवसात शंभराहून अधिक योगदाने'. अशी खोगीरभरती विद्यापीठाच्या इतिहासात झाली नसेल.

सॉफ्टवेअर क्लबच्याच सर्व्हरवरून चाले, त्यामुळे झालेला बदल थेट शाळांपर्यंत पोचे. त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. त्यांनी नवे वेळापत्रक काढून लागूही केले होते.

"अगं, आमचे विज्ञानाचे सर आज एकाच वेळी दोन शाळांत होते."

"असं कसं होईल, बाई?"

"ते तू मला सांगायचंस. सातवीची पोरं बाकांवरून उड्या मारत होती आणि मी ऑफिसचं काम टाकून त्यांच्यापुढे उभी."

विज्ञानाचे सर दोन शाळांत शिकवत आणि मधले अंतर पायी तोडत. त्यांच्यासाठी कोडात एक ओळ होती. दोन शाळांच्या मध्ये ती एक तास रिकामा सोडी; ती नसली, की एका शाळेतला तास संपताच दुसरीतला सुरू होई. मोहिमेत पहिल्या वर्षाच्या एका मुलीने ती ओळ काढून टाकली होती आणि खाली टीप लिहिली होती, 'वाया जाणारा तास वाचवला.'

"हे बघ," बाई म्हणाल्या, "सोमवारी इतर शाळाही नव्या सत्राचं लावणार आहेत. तोवर होणार नसेल तर तसं सांग. मी पूर्वीसारखा तक्ता हाताने आखीन, आणि त्यांनाही आखायला सांगीन."

"होईल, बाई."

"होईल म्हणजे कधी?"

"सोमवारच्या आत."

एक ओळ परत घातली की झाले, असे समजून कात्री बसली, आणि जसजशी वाचत गेली तसतसे तिचे पित्त खवळत गेले. एकाने छापील अक्षरांचा रंग पांढऱ्या कागदावर फिका पिवळा केला होता. एकाने मुख्याध्यापकांच्या सहीच्या जागी स्वतःचे नाव घातले होते. एकाला 'शिक्षक' हा शब्द रुक्ष वाटला म्हणून त्याने 'गुरुजन' केले होते, पण अर्ध्याच ठिकाणी. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या मते शाळेत दोन जातींचे लोक होते, आणि गुरुजनांना ते एकही तास देत नव्हते. एक चूक निस्तरावी तर तिच्यावर रचलेली दुसरी कोसळे. शेवटी तिने हात टेकले आणि ठरवले, की मोहिमेच्या आधी कोड जसा होता तसा परत आणायचा. सगळेच बदल काढायचे.

पोस्टर धावत आला. "सगळे? ताई, त्यातले काही चांगलेही असतील."

"असतील. कोणते?"

त्याने मोबाइल काढून बदलांची यादी वर-खाली सरकवली.

"वाचले होतेस?"

"सुरुवातीचे वाचले की." मग काकुळतीने म्हणाला, "अगं, पोरांनी प्रमाणपत्रं घरी दाखवलीत. माझ्या आईने माझं कपाटावर लावलंय."

"तुझं कशाबद्दल?"

"नेतृत्वाबद्दल."

ती पुन्हा पडद्याकडे वळली.

प्रभारी सरांनी वेगळा मार्ग काढला. तिला ऑफिसात बोलावून त्यांनी दार लोटून घेतले. "मूल्यमापनाची समिती पुढच्या आठवड्यात येतेय. ती येऊन जाईपर्यंत हात लावू नकोस. नंतर काय काढायचं ते काढ, कोण पाहतंय?"

"सोमवारी शाळा पाहतील, सर."

"अगं, इथे आपली खोली जायची वेळ आलीय आणि तू गोदामातल्या शाळेचं घेऊन बसलीस."

खोली जावी असे तिलाही वाटत नव्हते. घरी वडिलांचे मशीन, आत्याचे बोलणे आणि धाकट्या भावाची गाणी यांच्या मध्ये तिला बसायला कोपरा नव्हता. चार वर्षांत ती जे काही शिकली ते या खोलीत. फळ्याच्या कडेला आजोबाने काढलेली आकृती अजून होती, पुसायचा धीर कुणाला झाला नव्हता. ती शनिवारभर तिथे बसली. पोस्टरकडे राहून गेलेला अधिकार तिने काढून घेतला, मग मोहिमेचे सगळे बदल काढले, आणि गोदामातल्या शाळेचे वेळापत्रक स्वतः चालवून पाहिले. विज्ञानाच्या सरांचा चालण्याचा तास जागेवर आला होता.

सोमवारी बाईंचा फोन आला. "सर वेळेवर आले. बाकीच्या शाळांचंही लागलं." कात्रीने श्वास सोडला, तोच बाई पुढे म्हणाल्या, "पण सहावीला सलग दोन तास गणित आलंय. पोरं माणसं आहेत की दगड?"

समिती आली. सरांनी घसा साफ करून मोहिमेचे वर्णन केले, पोस्टरने छायाचित्रे दाखवली. समितीतल्या एका बाईंनी सहज विचारले, "त्यातले आज वापरात किती आहेत?" सर छताकडे पाहू लागले. पोस्टरने कात्रीकडे पाहिले.

"एकही नाही," कात्री म्हणाली.

खोली उद्योजकता मंडळाला गेली. क्लबला मिळाली ती जिन्याखालची मोकळी जागा. सामान हलवायच्या दिवशी पहिल्या वर्षाची मुले रुसल्यासारखी बाहेर उभी होती. त्यांतून 'वाया जाणारा तास' वाचवणारी मुलगी पुढे आली.

"ताई, तो तास चालण्यासाठी आहे, हे कोडात कुठेच लिहिलं नव्हतं. मी कसं ओळखायचं?"

कात्री तिला काही खरमरीत ऐकवणार होती. पण मुलगी म्हणत होती ते खरे होते. ती ओळ आजोबाने लिहिली होती, कात्रीने स्वतः कित्येकदा वाचली होती, आणि शेजारी चार शब्द लिहून ठेवायचे दोघांनाही सुचले नव्हते. आजोबावर, स्वतःवर, आणि बरोबर बोलणाऱ्या या मुलीवरही तिला सारखाच वैताग आला.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "उद्या ये. ते चार शब्द तूच लिही आणि मला वाचून दाखव."

मुलीने मान डोलावली. तेवढ्यात सर आले. मागे दोन शिपाई होते, खुर्च्या वरच्या ऑफिसात परत नेण्यासाठी. सर रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"खोली गेली," ते म्हणाले, "पोरं नाराज झाली, समितीपुढे माझी शोभा झाली. निदान एवढं तरी कबूल कर, की तुझी चूक झाली."

"झाली, सर. दवाखान्यात जाताना अधिकार देऊन गेले, ती चूक. यापुढे मी नसले तर काम थांबेल, पण न वाचता काही आत जाणार नाही. आणि यांना सांगा, दोन खुर्च्या इथेच ठेवा. आम्हाला बसायला लागतं."