मनात न येणारे शब्द

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माहेरी पहिली आणि सासरीही पहिलीच. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. पण मागच्या हिवाळ्यात लेकीनं तेच वर्गात सांगितलं आणि माझी झोप उडाली.

लेक चौथीत, जालन्यातल्या इंग्रजी शाळेत. शाळेनं पालक आणि मुलांच्या जोड्यांसाठी शब्दांचा खेळ ठेवला होता. फळ्यावर एक अक्षर लिहिणार. ते अक्षर ज्यात कुठंही येतं असे इंग्रजी शब्द जोडीनं कागदावर लिहायचे. तोच शब्द दुसऱ्या जोडीकडं निघाला तर दोघांचाही बाद. लेक सांगून आली, "माझी मम्मी ग्रॅज्युएट आहे, मी तिलाच आणणार."

आनंद व्हायला पाहिजे होता, पण धास्तीच बसली. त्याला कारण होतं. आधीच्या एका पालकसभेत बाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या आणि मी मराठीत उत्तर दिलं. समजलं सगळं होतं, तोंडातून निघालं नाही. लेक तेवढा वेळ आपल्या बुटांकडं बघत उभी होती. पुढच्या सभेला म्हणाली, "पप्पांना जाऊ दे." नवऱ्याचं जुन्या जालन्यात धान्याचं दुकान, शिक्षण बारावीपर्यंत. तो गेला. आता तिनं आपण होऊन मला बोलावलं होतं. परत तिला बुटांकडं बघायची वेळ आली, तर ती मला पुन्हा शाळेत नेणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

माझं इंग्रजी वावरातलं. माहेर भोकरदनकडचं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला मला माळ्यावर बसवायचे. हातात गोफण, मांडीवर गाइड. आई खालून म्हणायची, "काई बी म्हण, पण गप बसू नको. तू गप बसली की पाखरं उतरली." मंग मी शब्द ओरडून पाठ करायचे. फॉक्स म्हणजे कोल्हा. ब्लँकेट म्हणजे घोंगडी. पाखरं उडून जायची, शब्द राहायचे. त्याच शब्दांवर मी बी.ए. झाले. पण सवय अशी लागली की इंग्रजी शब्द तोंडानं म्हटल्याशिवाय आठवतच नाही, आणि म्हटला की पाठोपाठ त्याचा मराठी अर्थही येतो.

मोबाइलवर अक्षर टाकलं की शब्दांची रांग निघते, तेही करून पाहिलं. असले शब्द निघाले की ना कधी ऐकलेले, ना अर्थ माहीत. एकही डोक्यात टिकला नाही. शेवटी स्वयंपाक करता करता गाइडातलेच म्हणत बसले.

नवरा म्हणाला, "ग्रॅज्युएट बाई, भाजी करपून राह्यली."

"तुम्हाला काय जातंय. तुम्हाला कुठं बसायचंय तिथं."

"आन् मंग एवढं घाबरायचं काय त्यात? तू तर सांगत फिरतीस गावभर."

लेक डबा भरत होती. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, तिथं मनात म्हण हां."

तेच मला जमलं नाही. पहिलं अक्षर निघालं 'के'. सगळे गप होऊन लिहायला लागले. त्या शांततेत माझं डोकं कोरं झालं. लेक पेन धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि माझे ओठ सुटले. ब्लँकेट म्हणजे घोंगडी, बास्केट म्हणजे टोपली. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं मान न वळवता ते लिहून घेतले. तिची आई माझ्याकडं बघून हसली, तशी बाई चांगलीच होती. निकाल वाचला तेव्हा आमचे शब्द एकामागून एक बाद झाले. ब्लँकेट बाद. बास्केट बाद. लेकीची मान खाली गेली. मी पण तिच्या बुटांकडंच बघितलं. लेसचा एक पदर सुटला होता.

दुसरं अक्षर 'एक्स'. मी पदराचा बोळा तोंडाशी धरला. शब्द आत नुसते धडका देत होते. तेवढ्यात लेकीनं माझं कोपर ओढलं आणि कानाशी आली. "मम्मी, मोठ्यानं म्हण. पण इंग्रजी नको म्हणू. फक्त अर्थ सांग."

मी इंग्रजी शब्द गिळला आणि अर्थ तेवढा बाहेर काढला. "कोल्हा." तिनं लिहिलं. "बैल." लिहिलं. "कुऱ्हाड." ती थांबली, मग मामाच्या वावरातली आठवली असावी, लिहिलं. शेजारची मुलगी आपल्या आईला विचारत होती, "मम्मा, व्हॉट इज कुऱ्हाड?" आई म्हणाली, "तू आपलं लिही."

"मेण," मी म्हणाले. लेकीला मेण माहीत नव्हतं. मी हातानं मेणबत्ती दाखवली, वात दाखवली, फुंकर मारली. तिनं नाही अशी मान हलवली. ओठांवर आलेला शब्द मी दातांखाली धरून ठेवला आणि वेळ संपली.

कोल्हा बाद झाला, तो सगळ्यांनीच लिहिला होता. बैल आणि कुऱ्हाड टिकले. नंबर काही आला नाही. निघताना बाई इंग्रजीत काहीतरी कौतुकाचं बोलल्या. मी मराठीत म्हणाले, "तुमचा खेळ छान होता बाई, पण घाम काढला." लेक कुठं बघतेय ते बघायची मला हिंमत झाली नाही.

आम्ही रिक्षात बसलो. मामा चौकाच्या पुढं गेल्यावर लेक म्हणाली, "मेण म्हणजे काय ते आता सांग." मी सांगितलं, इंग्रजीत, मोठ्यानं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय, जिंकून आली का ग्रॅज्युएट?"

"हारलो," लेक म्हणाली. "मम्मीला येतं सगळं, फक्त मनात म्हणता येत नाही. पप्पा, सोमवारच्या सभेला तुम्ही दुकानातच थांबा. मम्मी येईल."

मी पोळी उलटली. सोमवारला अजून अवकाश होता, तरी मी लगेच इंग्रजी पुटपुटायला लागले.