चकचकीत बाजू

श्री. रघूत्तमराव, वय त्रेपन्न, गणित शिक्षक, कुंभकोणम्. अतिरिक्त कार्यभार: समन्वयक, 'संगणकाद्वारे प्रज्ञावंत विद्यार्थ्यांत संशोधनवृत्ती विकसन योजना, १९९६'.

योजनेत एक संगणक होता, विश्वकोश भरलेली एक सीडी होती आणि एक प्रज्ञावंत होती: नववीतली गोमती. तिच्या घरी, दारासुरमला, रेशमाचे दोन माग. पावसात ताण्याचे उभे धागे एकमेकांना का चिकटतात, हा तिचा प्रश्न. दसरा झाला की तंजावरला निवड व्हायची. निवडली गेली तर पुढचं शिक्षण मद्रासला, फुकट. नाहीतर दहावीनंतर मागावर.

सीडी आली ऐन पितृपक्षात. त्या पंधरवड्यात रघूत्तमरावांच्या घरी नवं फडकंही काढत नसत.

"विजयादशमीला उघडू. विद्यारंभ त्याच दिवशी."

"सार, मग चारच दिवस उरतात," गोमती सरांना म्हणाली.

"प्रज्ञावंतांना पुरतात," ते थकून म्हणाले. ते सगळंच थकून म्हणत.

नवमीला आयुधपूजा. त्यांनी संगणकाला फूल वाहिलं आणि सीडीला गंध लावलं. चकचकीत बाजू म्हणजे तोंड, असं धरून तिथंच. वर कुंकू. पूजेतली वस्तू त्या दिवशी हलवत नाहीत, तेव्हा गंध निवांत वाळलं.

दशमीला पडद्यावर काही उमटेना. ते सीडी घरी घेऊन गेले.

"पितळेची का हो?" पत्नी वत्सलाबाईंनी विचारलं.

"नसावी."

"चमकते तर."

त्यांनी चिंच लावून काथ्यानं घासली. सीडी लख्ख झाली, आतल्या विश्वकोशासकट.

"सार, आता कुणाला विचारायचं?" गोमती म्हणाली.

रघूत्तमरावांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. "एका मागापाशी शेगडी ठेव. दुसऱ्यापाशी नको. काय होतं ते बघ."

तिनं बघितलं. शेगडीजवळचे धागे मोकळे राहिले. तंजावरला परीक्षकांना काम आवडलं. "पण यात संगणक कुठं वापरला?"

"त्याची पूजा झाली," गोमती म्हणाली.

निवड झाली नाही. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "सार, खोटं सांगायला हवं होतं का?"

"नाही. गंध मी लावलं."

वार्षिक अहवालात योजना यशस्वी ठरली: 'समन्वयकांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनवृत्ती विकसित. लाभार्थी: एक.'

लाभार्थी दहावीनंतर मागावर बसली.