दारातल्या चपला आणि कामशेतचा ऑक्सिजन

रविवार मोडून मावळात गेले, ते एका फोनमुळे. कामशेतजवळच्या छोट्या खाजगी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्या इमर्जन्सीची रंगीत तालीम घ्या, पण आमच्याच जागेत." मी पूर्वी नर्स होते, आता हेच शिकवते. गेल्या महिन्यात अपघातातला एक माणूस तिथे दगावला होता. ऑक्सिजन उशिरा पोचला. तो आणणाऱ्या परंदवडीच्या हसीनामावशी रेंगाळल्या, असं सगळ्यांचं मत पडलं आणि त्यांची रवानगी चादरी धुण्यावर झाली. त्यांना परत घ्यायचं की नाही, ते तालमीनंतर ठरणार होतं.

जाणाऱ्यांनी जुना हायवे धरावा. वडगावला मिसळ खा, तर्री वेगळी मागून घ्या. गाडी नसेल तर लोणावळा लोकलनं कान्हे किंवा कामशेतला उतरा. माझ्या मागच्या सीटवर आमचा सरावाचा रबरी पुतळा पट्टा लावून बसला होता. टोलवरच्या माणसानं वाकून बघितलं.

"मॅडम, आजोबास्नी बरं न्हाई का?"

"म्हणून तर हॉस्पिटलला नेतेय."

इमर्जन्सीच्या दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढा'. उशीर झालाच होता, घाईघाईत काढल्या आणि आत गेले.

मावशींना मी मुद्दाम जुन्याच कामावर उभं केलं. पुतळा खाटेवर ठेवला आणि सांगितलं, श्वास थांबतोय. सिस्टर धावल्या. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन मागितला. मावशी व्हरांड्यातून सिलिंडरची ट्रॉली ढकलत अक्षरशः पळत आल्या. दारात थांबल्या, सवयीनं चपला काढल्या आणि पुढे ढकलायला गेल्या, तर चाक चपलांच्या ढिगात रुतलं. आम्ही सगळे आतून बघत राहिलो. सोडवेपर्यंत पुतळा माझ्या घड्याळाप्रमाणे गेला होता.

"त्या दिवशीही असंच झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय. नातेवाईक लय आलते. मी मागनं सांगितलं बी, कुनी ऐकलं न्हाई." मग मावशी पाटीकडे बघत म्हणाल्या, "पन ही पाटी मीच लावायला सांगितलेली. फरशी मलाच पुसावी लागती ना."

जरा वेळानं त्या माझ्याजवळ आल्या. "मॅडम, दार मोकळं असतं तर त्यो जगला असता का?"

हो म्हटलं तरी वाईट, नाही म्हटलं तर खोटं. "माहीत नाही," म्हणाले. फार वाईट वाटलं.

पाटी लगेच उतरवली, चपलांचं कपाट व्हरांड्याच्या टोकाला गेलं. मावशींना दुसऱ्या दिवसापासून इमर्जन्सीत यायला सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फरशी पुसायला घेतली.

मी घराच्या उलट्या दिशेनं खंडाळ्यापर्यंत जाऊन आले. गर्दी टाळायची तर दुपारी दोनच्या सुमाराला जा. टपरीवरचा चहा बरा होता, समोरची दरीही. माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर दारात चपला काढल्या. डाव्या चपलेच्या पट्ट्यावर चाकाचा काळा वळ उमटला होता. सकाळी सगळ्यात शेवटी मीच आत गेले होते, म्हणजे दाराच्या मधोमध माझीच चप्पल होती. माझ्या वर्गाचा पहिला धडा आहे, दार मोकळं ठेवा. मावशींना हे सांगायला मी अजून फोन केलेला नाही.