अण्णांचं सर्वात स्वस्त ऊन

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा आनंदनगरच्या एका कारखान्यातून खरेदी अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कारखाना सुटला, खरेदी सुटली नाही. तीन कोटेशनं मागवायची आणि सर्वात खालचं उचलायचं, हा त्यांचा धर्म. वांगीसुद्धा ते तीन गाड्यांवर भाव विचारून घेतात. त्यातली निम्मी त्यांच्या पत्नी मालिनीकाकू गुपचूप फेकून देतात.

शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते. काकूंचे गुडघे दुखतात, घर पाचव्या मजल्यावर, आणि फिजिओथेरपीचा वारही नेमका शुक्रवार. सकाळी वीज जायच्या आत लिफ्टने उतरायचं, मग संध्याकाळपर्यंत खालीच अडकून बसायचं. म्हणून लिफ्टसाठी स्वतःची वीज करायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मिलिंदने पाइपच्या गॅसवरचा जनरेटर सुचवला. अण्णांनी सोलर.

अण्णांनी लगेच तुलना मांडली. गॅसचं युनिट अठरा रुपयांना, सोलरचं पाचला. बॅटरी धरली की सोलरही बरंच वर सरकत होतं, म्हणून त्यांनी बॅटरीच काढून टाकली.

"ऊन दिवसा, लिफ्टही दिवसा. बॅटरी काय पूजेला ठेवायची?"

सभेत टाळ्या पडल्या. मिलिंदला कोणीतरी गॅस कंपनीचा एजंट म्हणालं.

सोलर बसल्यावर पहिलाच शुक्रवार आला. ऊन असं, की गच्चीवर पापड भाजून निघाले असते. काकू रिक्षातून उतरल्या, लिफ्टचं बटण दाबलं. काही नाही.

अण्णांनी सोलरवाल्यांच्या सोनियाला फोन लावला. तिने थंडपणे समजावलं, की बाहेरची लाइन गेली की ही यंत्रणाही आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच विजेचा शॉक बसेल.

"बॅटरी असती तर लिफ्ट चालली असती, अंकल. ती तुम्हीच काढायला लावलीत."

काकू वॉचमनच्या खुर्चीत टेकल्या. "पाच रुपयांचं युनिट ना? एक द्या इकडे. वर जाते."

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले. तेवढ्यात मिलिंद आला.

"तुझं ते गॅसवालं कोटेशन आहे का रे अजून?"

"महाग आहे ते, अण्णा. अठरा रुपये."

"ते राहू दे. शुक्रवारी चालतं का, एवढं सांग."

"चालतं."

काकूंनी चपला काढल्या आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. वीज यायला अजून संध्याकाळ व्हायची होती.