सडकेवरची पंधरा मिनिटं

पडदा वर जातो तेव्हा समोर कोणीच नसतं. नुसती डांबरी सडक, मे महिन्यातली, संध्याकाळचे पाच वाजले तरी पायाखाली मऊ लागणारी. डावीकडे नत्थूजीची चहाची टपरी आणि तिच्या फळीवर एक गजराचं घड्याळ. उजवीकडे टिनाच्या छपराचं बुद्धविहार. मागे आमची वस्ती, जरीपटक्याच्या पलीकडची. मग विहारातून एकेक बाई बाहेर येते. प्रत्येकीच्या काखेत पाण्यात बुडवून पिळलेला बारदाना. ते बारदाने सडकेवर आडवे अंथरले जातात आणि त्यांवर अकरा बाया मांडी घालून, डोळे मिटून बसतात. मधोमध बायजाबाई.

मी अर्धं आयुष्य जलशात गायलो, गावोगावच्या मैदानांत पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभा राहिलो, म्हणून मला सगळं असंच दिसतं. पण ते नाटक नव्हतं. साल अठ्ठ्याहत्तर.

बायजाबाई एका गोदामात पोती शिवायच्या. नवरा लवकर गेला. छप्पन साली सासूचा हात धरून, पांढरं लुगडं नेसून त्या दीक्षेला गेल्या होत्या आणि परत आल्यावर देव्हारा स्वतःच्या हाताने रिकामा केला होता. एकच मुलगी, प्रेमिला. ती मॅट्रिकच्या वर्गात होती. फेब्रुवारीत शाळेतून येताना विहारासमोर सडक ओलांडत होती, आणि कोराडीच्या वीजकेंद्राकडे कोळसा नेणाऱ्या ट्रकखाली आली. उमरेडकडून येणारे ते ट्रक आमच्या वस्तीपाशी उताराला लागत आणि ड्रायव्हर ब्रेक न दाबता गाडी सोडून देत. वस्तीच्या तीस-पस्तीस मुली तीच सडक ओलांडून शाळेत जात होत्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा पुन्हा उघडणार होती. त्याआधी तिथे एक ब्रेकर बांधून मिळावा, एवढंच मागणं होतं. अर्ज तीन वेळा देऊन झाले होते.

प्रेमिलेच्या मातीला बायजाबाई रडल्या नाहीत. नंतरही नाही. एकदा मी त्यांच्या दारात उभा होतो, त्या तव्यावरची भाकर हाताने उलटत होत्या. बोटं तव्याला टेकलेलीच राहिली. वास आला तेव्हा शेजारच्या सिंधूताईने ओढून बाजूला केलं. बायजाबाईंनी बोटांकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने भाकर उचलली.

मी प्रेमिलेवर गाणं रचलं होतं. मोर्चा काढू, ढोलकी-पेटी घेऊन सडक खात्याच्या ऑफिसावर जाऊ, असं माझ्या मनात. विहारात बसून बायजाबाईंना ऐकवलं. ऐकणाऱ्या बाया पदरात तोंड खुपसून रडत होत्या. बायजाबाई म्हणाल्या, "चांगलं आहे. पण गाऊ नका."

"काहून, बाई?"

"लोक टाळ्या वाजवतीन."

मग त्यांनीच सांगितलं काय करायचं ते. आदल्या पावसाळ्यात एक भंते वर्षावासासाठी आमच्या विहारात तीन महिने राहिले होते. श्वास आत आला तो पाहा, बाहेर गेला तो पाहा, एवढंच शिकवून गेले. बायजाबाईंना तेवढंच येत होतं. "सडकेवर बसू," त्या म्हणाल्या. "रोज. डोये मिटून. ट्रक थांबतीन, मंग निंगून जातीन. काही बोलाचं नाही, कोणाले शिवी द्याची नाही. आन कोणी येऊन बसला तं त्याले नाव विचाराचं नाही."

ठाण्याचे हवालदार आले, त्यांनी पाहिलं, डोकं खाजवलं. बाया घोषणा देत नाहीत, दगड मारत नाहीत, लिहायचं काय? "पंधरा मिनिटं," ते म्हणाले. "बसगाडीले आन आजारी माणसाले वाट द्याची. सोळावं मिनिट झालं तं उचलतो."

वेळ माझ्याकडे दिली. नत्थूजीच्या घड्याळावर नजर ठेवायची, बसताना झांज एकदा वाजवायची, उठताना एकदा. सिंधूताई म्हणाली, "शाहीर, दोन ठोके आन मधात गप. तुमाले तं ही जेलच झाली."

"अवं, जेलात निदान बोलता येते," मी म्हणालो.

तीन आठवडे असं चाललं. ट्रकवाले आधी भोंगे वाजवायचे, मग कंटाळून खाली उतरून नत्थूजीकडे चहा प्यायचे. मी बाजूला उभा राहून बायजाबाईंचा चेहरा पाहायचो. सगळे म्हणत, किती शांत बाई. मी एकदा तसं बोलून दाखवलं.

"शांत नाही, शाहीर," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन देल्यावर दात कसा होते, तशी झाली मी. श्वास येते-जाते ते तेवढं समजते. म्हणून बसतो."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक ट्रक आला आणि रांगेत पहिला थांबला. सिंधूताईने डोळे किलकिले करून नंबर पाहिला आणि माझ्याकडे वळली. तोच ट्रक. ड्रायव्हर ताराचंद, उमरेडच्या विणकर घरातला, हातमाग बंद पडला म्हणून स्टेअरिंगवर आलेला. जामिनावर सुटून परत त्याच सडकेला लागला होता. तो खाली उतरला. बारदान्यांपर्यंत आला. गळ्यातला गमछा काढला आणि बायांच्या ओळीच्या टोकाला, उघड्या डांबरावर, मांडी घालून बसला. डोळे मिटले.

आता ऐका माझी चूक. घड्याळात पंधरा मिनिटं झाली आणि मी झांज वाजवली नाही. माझ्या धंद्यातली जुनी सवय, प्रसंग रंगला की पडदा टाकायचा नाही. मला वाटलं, बायजाबाई आता डोळे उघडतील, त्याला पाहतील, आणि इतके महिने अडून बसलेलं रडू येईल. सोळा झाली. अठरा. मागे ट्रकांची रांग वाढत होती. बाविसाव्या मिनिटाला हवालदार गाडी घेऊन आले आणि अकरा बाया, ताराचंद आणि मी, सगळ्यांना उचललं.

ठाण्यात बाकावर बायजाबाई माझ्या शेजारी होत्या. तो कोण, ते सिंधूताईने त्यांना गाडीतच सांगितलं होतं.

"काहून नाही वाजवली?"

"बाई, मले वाटलं..."

"मी रडीन म्हणून?"

मी झांज बाकाखाली सरकवली.

"ते पाहाले थांबले तुमी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "शाळा पंधरा दिवसावर आली, शाहीर. आता बसू देतीन का हे?"

नाहीच देणार होते. हवालदारांनी तोंडावर सांगितलं, उद्यापासून सडकेवर एकही बाई दिसली तर केस. मी त्यांचे पाय धरायला निघालो, सिंधूताईने सदरा धरून बसवलं. "पुरे झाला तुमचा पार्ट," ती म्हणाली.

ताराचंद समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तो हात जोडून पुढे आला. बायजाबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं, दुकानातल्या वस्तूकडे पाहावं तसं.

"माफी मागाले आला असशीन तं माफी नाही मायाजवळ. बसाचं असन तं बस. पण आता जागाच गेली."

दुसऱ्या दिवशी पाचला सडक मोकळी होती. बाया विहारात बसल्या, दार लावून. मी बाहेर. उतारावरून ताराचंदचा ट्रक आला, विहारासमोर थांबला आणि इंजिन बंद झालं. तो केबिनमध्येच डोळे मिटून बसला. मागचे भोंगे वाजवू लागले. सडक तेव्हा अरुंद होती, भरलेल्या ट्रकाला ओलांडून जाता येत नव्हतं. पंधरा मिनिटांनी मी झांज वाजवली, बरोबर पंधराव्या. त्याने इंजिन चालू केलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी मागचे दोन ड्रायव्हर भोंगा न वाजवता थांबले. चौथ्या दिवशी सहा. हवालदार आले. ट्रक बंद पडला तर कोणता कायदा मोडला, ते त्यांना सांगता येईना.

सातव्या दिवशी सडक खात्याची जीप आली. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मजुरांनी गिट्टी आणि डांबर टाकून ब्रेकर बांधला. उंच, ओबडधोबड, विहाराच्या दारापासून समोरच्या, सडकेला लागून असलेल्या बायजाबाईंच्या घराच्या भिंतीपर्यंत. शाळेच्या पहिल्या दिवशी मुली रांगेने ओलांडून गेल्या आणि ट्रक त्यांच्यासाठी थांबले. वस्तीने पेढे वाटले. बायजाबाईंनी घेतला, पदरात बांधला आणि पोती शिवायला गेल्या.

ताराचंदला सजा झाली, भोगून तो परत उमरेडला गेला. मी त्याच वर्षी गाणं सोडलं.

बायजाबाईंना शेवटचं भेटलो ते ब्याऐंशी साली. त्या आपल्या मावशीच्या गावाला नरखेडकडे राहायला निघाल्या होत्या, मी एसटीपर्यंत गाठोडं पोचवायला गेलो. घरात उभा होतो तेवढ्यात बाहेर उतारावरून आलेला भरलेला ट्रक ब्रेक दाबून हळू झाला. ब्रेकरवर आधी पुढचं चाक आदळलं, मग मागची. भिंत हादरली, फळीवरून एक पितळी गडवा खाली पडला, कडेला आणखी एक पोचा आला. तसे पोचे फळीवर मागे राहणाऱ्या सगळ्याच भांड्यांना होते. मी तो उचलून परत ठेवू लागलो. बायजाबाईंनी माझ्या हातातून घेतला आणि फळीच्या अगदी कडेला ठेवला, पहिल्यासारखाच.

"बाई, मागं सरकवा ना थोडा," मी म्हणालो.

"पडू द्या, शाहीर," त्या म्हणाल्या. "पडला म्हणजे समजते, गाडी हळू गेली."